पिंजरा ठेंगणा, धोका मोठा?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या दक्षिण टोकाला वाळूच्या टेकड्यांचा एक विस्तीर्ण पट्टा आहे. त्याचे अधिकृत नाव 'इम्पीरियल सँड ड्यून्स'. पण वाहनशौकीन त्याला 'ग्लॅमिस' या नावानेच ओळखतात. हिवाळी हंगामातील सुट्ट्यांत येथे वाळू तुडवीत धावणाऱ्या वाहनांची जत्रा भरते. त्यांत ठळकपणे नजरेत भरतात ती 'साइड-बाय-साइड' या प्रकारातील वाहने. चालक आणि सहप्रवासी यांत शेजारी-शेजारी बसतात, म्हणून हे नाव. मोटारीसारखे पत्र्याचे बंदिस्त अंग या वाहनांना नसते. प्रवाशांभोवती असतो तो पोलादी नळ्यांचा पिंजरा, म्हणजेच 'रोल केज'. हा पिंजरा कापून चार-सहा इंचांनी खाली घेण्याची हौस तेथे चांगलीच रुजली आहे. वाहन देखणे होते आणि शिवाय उलटण्याचा धोकाही कमी होतो, असा त्यामागचा समज. यातील पहिला भाग ज्याच्या त्याच्या आवडीचा आहे. दुसरा भाग मात्र गणिताच्या कसोटीवर फारसा टिकत नाही.

हौस आली कोठून?

यामाहा कंपनीने २००३ मध्ये 'ऱ्हायनो' हे वाहन बाजारात आणले आणि शेतावरच्या कामाचे वाहन मौजेसाठी वापरण्याची चाल पडली. पोलारिस कंपनीने २००७ मध्ये आणलेले 'रेझर' हे तर प्रामुख्याने वेगाच्या आनंदासाठीच होते. कॅन-अॅमचे 'मॅव्हरिक एक्स-३' २०१६ मध्ये आले. पोलारिसने २०११ मध्ये भारतातही पाऊल टाकले.

कारखान्यातून येणारा पिंजरा उंच असतो, त्याला कारण आहे. उंच माणसापासून ठेंगण्या माणसापर्यंत कोणीही हेल्मेट घालून त्यात बसू शकला पाहिजे, या हिशेबाने तो आखलेला असतो. परिणामी वाहन बाजूने पाहिले असता काहीसे पोक काढल्यासारखे दिसते. खाली घेतलेल्या पिंजऱ्यामुळे त्याला शर्यतीच्या गाडीचा डौल येतो. बंदिस्त ट्रेलरच्या दारातून वाहन सहज आत जाते, हा व्यवहारी फायदाही आहे.

अर्ध्या सेंटिमीटरचा लाभ

वाहन उलटणे न उलटणे हे मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते: गुरुत्वमध्याची उंची आणि दोन बाजूंच्या चाकांमधील अंतर. या अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागले की स्थैर्याचा एक ढोबळ आकडा मिळतो. तो जितका मोठा, तितके वाहन स्थिर.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दोन प्रवाशांसह वाहनाचे वजन ८०० किलो, गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटर उंचीवर आणि चाकांमधील अंतर १५० सेंटिमीटर आहे. स्थैर्याचा आकडा येतो १.०७. पिंजऱ्याचे वजन ४० किलो धरले आणि तो अख्खा १० सेंटिमीटरने, म्हणजे सुमारे ४ इंचांनी खाली आणला, तर गुरुत्वमध्य किती खाली येईल? ४० गुणिले १०, भागिले ८००. उत्तर आहे अर्धा सेंटिमीटर. स्थैर्याचा आकडा १.०८ होतो. वाहन ज्या कोनात कलंडते, त्यात जेमतेम पाव अंशाचा फरक पडतो.

आता याच वाहनाची आसने ५ सेंटिमीटरने खाली घेतली, तर काय होते ते पाहू. दोन प्रवाशांचे मिळून १६० किलो वजन ५ सेंटिमीटर खाली येते आणि गुरुत्वमध्य एक सेंटिमीटरने उतरतो. म्हणजे पिंजरा कापण्याच्या दुप्पट लाभ होतो. चाकांमधील अंतर १० सेंटिमीटरने वाढवले, तर आकडा थेट १.१४ वर जातो. कंपन्यांनीही हाच मार्ग धरलेला दिसतो. पहिल्या रेझरची रुंदी ५० इंच होती. पुढील काळातील वेगवान वाहने ६४ आणि ७२ इंचांपर्यंत रुंदावली.

उलट, जुना पिंजरा काढून जाड नळ्यांचा नवा बसवला, त्यावर धातूचे छत, दिवे आणि ध्वनिवर्धक चढवले आणि वजन २० किलोंनी वाढले, तर हे वजन जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंचीवर पडते. गुरुत्वमध्य जवळजवळ २ सेंटिमीटरने वर जातो. म्हणजे पिंजरा ठेंगणा करूनही वाहन पूर्वीपेक्षा अस्थिर होते!

या संदर्भात ऱ्हायनोचे उदाहरण बोलके आहे. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने मार्च २००९ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, ऱ्हायनोच्या ४५० आणि ६६० या मॉडेलांच्या पन्नासहून अधिक अपघातांची चौकशी करण्यात आली होती आणि त्यांत ४६ जणांचा मृत्यू झाला होता. दोन तृतीयांशांहून अधिक प्रकरणांत वाहन उलटले होते आणि अनेकांनी पट्टा बांधलेला नव्हता. यावर कंपनीने जो मोफत दुरुस्ती कार्यक्रम जाहीर केला, त्यात मागील चाकांना बाहेर सरकवणाऱ्या चकत्या बसवणे, मागील स्थिरक दांडा काढणे, अर्धी दारे आणि जादा मुठी बसवणे यांचा समावेश होता. पिंजरा खाली घेण्याचा त्यात उल्लेखही नव्हता.

महत्त्व पोकळीचे

पिंजऱ्याचे काम वाहन उलटू न देणे हे नाहीच. वाहन उलटल्यावर माणसाभोवतीची जागा शाबूत ठेवणे, हे त्याचे काम. 'आयएसओ ३४७१' या आंतरराष्ट्रीय मानकात ही कल्पना स्पष्ट मांडलेली आहे. या चाचणीत चौकटीवर बाजूने, वरून आणि लांबीच्या दिशेने भार दिला जातो. चौकट वाकली तरी चालते. किंबहुना वाकतानाच ती आघाताची ऊर्जा शोषून घेते. मात्र आसनावरील माणसासाठी आखून दिलेल्या जागेत तिने शिरता कामा नये. अमेरिकेत या वाहनांसाठी जे ऐच्छिक उद्योग-मानक आहे, तेही याच मानकाचा आधार घेते.

पिंजरा कापला जातो, तेव्हा नेमकी हीच जागा कमी होते. वाळवंटी शर्यतींच्या नियमांत हेल्मेट आणि पिंजऱ्याची नळी यांत किमान ३ इंचांचे अंतर मागितले जाते. हे अंतर चैनीसाठी नसते. वाहन उलटे झाले की पट्टा ताणला जातो, गादीचा दाब सुटतो, शरीर छताकडे सरकते आणि त्याच वेळी छत शरीराकडे वाकते. दोन्ही बाजूंनी जागा खाल्ली जाते. पोलाद कितीही भक्कम असले, तरी डोके आणि नळी यांत पोकळी नसेल, तर आघात मानेवरच येतो.

अर्थात, नाण्याला दुसरी बाजूही आहे. खांब आखूड झाले की ते बाजूच्या भाराला अधिक ताठपणे तोंड देतात. एका टोकाला जखडलेल्या खांबाची लांबी १० टक्क्यांनी घटली, तर सिद्धांतानुसार त्याचा ताठपणा सुमारे ३७ टक्क्यांनी वाढतो. जाणकार कारागिराने योग्य जाडीच्या नळीतून, तिरपे आधार देऊन आणि सांध्यांवर मजबुतीच्या पट्ट्या लावून घडवलेला ठेंगणा पिंजरा मूळ पिंजऱ्याहून बळकट असू शकतो. अट एवढीच, की त्यासोबत आसनेही तितकीच खाली गेली पाहिजेत.

कापण्यापूर्वी मोजा

म्हणूनच या कामाचा क्रम महत्त्वाचा ठरतो. आधी आसने बदलावीत किंवा खाली घ्यावीत. त्यानंतर त्या वाहनात बसणाऱ्या सर्वांत उंच व्यक्तीला हेल्मेट घालून, पट्टा आवळून बसवावे आणि डोक्यावरील अंतर मोजावे. ३ इंच राखून जे उरेल, तेवढेच कापण्यास मोकळे. काही उरले नाही, तर करवत खाली ठेवावी.

खांद्यावरून येणारे पट्टे मागील ज्या आडव्या नळीला बांधलेले असतात, तिची उंचीही पाहावी लागते. ती खांद्यांच्या पातळीला किंवा किंचितच खाली असावी. पिंजऱ्याबरोबर ती फार खाली गेली, तर धडकेच्या वेळी पट्टे खांद्यांना खाली दाबतात आणि तो भार थेट मणक्यावर पडतो. पुढची आडवी नळी चालकाच्या नजरेच्या रेषेत येत नाही ना, हेही तपासावे. वाळूच्या टेकडीचा माथा गाठताना पलीकडचे न दिसणे जिवावर बेतू शकते.

जोडकामात तर तडजोड नकोच. नळी वळणावर न कापता सरळ भागात कापावी, आत घट्ट बसणारा नळीचा तुकडा घालावा आणि रंग पूर्ण खरवडून मगच वेल्डिंग करावे. वरवर नितळ दिसणारा सांधा आतून कच्चा असेल, तर पहिल्याच उलटीत तो उघडा पडतो. मूळ दारे, काच आणि छत नव्या मापात बसत नाहीत, हा खर्चही आधीच धरावा.

शेवटचा मुद्दा जबाबदारीचा. पिंजऱ्यात कोणताही फेरफार करू नये, असे कंपन्या वाहनासोबतच्या पुस्तिकेतच बजावतात. एकदा करवत चालली की कारखान्यात झालेल्या चाचणीचा आधार संपतो. नव्या पिंजऱ्याची चाचणी वाळूत, चालकाच्या डोक्यावरच होते. चालकाने निदान ती स्वतःच्या मर्जीने पत्करलेली असते. शेजारच्या आसनावर बसणाऱ्या मित्राला किंवा मुलाला मात्र, आपल्या डोक्यावरचे किती इंच डौलापायी कापले गेले, हे कोणी सांगितलेलेही नसते.