सहल विसाव्याची असू द्या

सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी, घरी आलं की चूल आणि गटाचा हिशोब. रात्रभर झोपूनही अंग जड, लेकरांवर विनाकारण चिडचिड, कशातच मन लागत नाही, असं होत असेल तर तो आळस नाही. विसावा न मिळाल्याने शरीर आणि मन दमलेलं असतं.

2019 च्या सरकारी पाहणीत दिसलं, की घरकाम करणाऱ्या बाया त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवतात, पुरुष 97 मिनिटं. म्हणून विसावा ठरवून घ्यावा लागतो.

गटाने एक दिवस सहल काढा. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. पण शेगाव, लोणार, सिंदखेडराजा एका दिवसात उरकू नका; एकच ठिकाण निवडा. शेगावला महाप्रसाद असतो, पहाटे उठून डबे करायला नको. लोणारला काठावर निवांत बसा; खाली उतरलं तर तेवढंच चढावं लागतं. त्या दिवशीचा स्वयंपाक, गुरांचं चारापाणी घरातल्यांनी करायचं, हे आधीच ठरवा. नाहीतर परतल्यावर दुप्पट काम वाट पाहत असतं.

एका सहलीने वर्षाचा शीण जात नाही. रोज दुपारी थोडा वेळ पाठ टेका. तरी दोन आठवडे थकवा हटला नाही, तर आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. मनावरचं ओझं बोलायचं असेल तर टेली-मानसचा 14416 हा नंबर मोफत आहे.