ट्रॅक्टरच्या आल्टर्नेटरांत कायमचे लोहचुंबक

संघाच्या सभासदांपैकीं ज्यांचेकडे ट्रॅक्टर आहेत अशा कित्येकांनीं गेल्या पावसाळ्यापासून आम्हांस एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांनीं विचारला आहे. तालुक्याच्या गांवीं कांहीं मिस्त्री आल्टर्नेटरांतील मूळ रोटर काढून त्या जागीं चकचकीत लोहचुंबक लावलेला दुसरा बसवून देतात, आणि त्यायोगें डिझेल वांचेल, ब्रश झिजणार नाहींत, बॅटरी साफ उतरली तरी वीज निघेल, असें सांगतात. ह्या कामीं पैसे घालावे कीं नाहीं, असा तो प्रश्न. आमची नोकरी सारी रेव्हेन्यू खात्यांत कारकुनींत झाली. यंत्रविद्येची पदवी आमच्यापाशीं नाहीं. तथापि हिशेब करावयास पदवी लागत नाहीं, आणि हा प्रश्न बहुतांशीं हिशेबाचाच आहे.

प्रथम मूळ रचना ध्यानांत घ्यावी. बाहेरील स्थिर भागांत, म्हणजे स्टेटरांत, लोखंडी पत्र्यांच्या थप्पीला बहुधा ३६ खांचा असून त्यांत तांब्याच्या तारेचीं वेटोळीं भरलेलीं असतात. त्याच्या पोटांत रोटर फिरतो. रोटर म्हणजे एका वेटोळ्यावर दोहों बाजूंनीं पंजे मिटवावे त्याप्रमाणें बसविलेले दोन लोखंडी तुकडे. प्रत्येकास बहुधा सहा बोटें, मिळून बारा. वेटोळ्यांत ब्रशांवाटे तीन-चार अँपिअर प्रवाह सोडला म्हणजे एका पंजाचीं बोटें उत्तर ध्रुव व दुसऱ्याचीं दक्षिण ध्रुव होतात. हे ध्रुव आळीपाळीनें तारेसमोरून जाऊं लागले कीं, मायकेल फॅरडे ह्यानें १८३१ सालीं दाखवून दिल्याप्रमाणें तारेंत वीज उत्पन्न होते. पुढें डायोड तिला एका दिशेनें वाहावयास लावतात, आणि रेग्युलेटर सतत दाब पाहून, तो सुमारें १४ व्होल्टांवर चढूं लागतांच रोटरचा प्रवाह कमी करतो.

आमच्या जुन्या धंद्याच्या भाषेंत बोलावयाचें तर वेटोळ्याचा रोटर हा रयतवारीसारखा आहे. आकारणी मान पाहून चढवितां येते, दुष्काळांत सूट-तहकुबी देतां येते. कायमचा लोहचुंबक हा बंगालच्या १७९३ च्या कायमधाऱ्यासारखा. एकदां ठरलें तें ठरलें. पुढें पीक सोळा आणे येवो कीं चार आणे येवो, आंकडा हालत नाहीं.

ही कल्पना नवी नव्हे. फोर्डची मॉडेल टी गाडी १९०८ पासून १९२७ पर्यंत निघत होती. तिच्या फ्लायव्हीलवर इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे सोळा लोहचुंबक बोल्टांनीं आंवळलेले असत व त्यांसमोर सोळा स्थिर वेटोळीं असत. १९१७ सालीं निघालेल्या फोर्डसन ट्रॅक्टरावरही तीच युक्ति होती. पुढें मॉडेल टीचे दिवे ह्याच विजेवर लावूं लागले, तेव्हां इंजिन मंद झालें कीं दिवे मिणमिणत. आपल्याकडील जुन्या चेतक स्कूटरवरून रात्रीं गेलेल्यांस हा अनुभव सांगावयास नको. चढावर गिअर बदलतांना दिवा बसे आणि उतारावर भरधाव गाडी सुटली कीं लख्ख होई. तेथेंही फ्लायव्हीलांत कायमचे लोहचुंबकच होते. मोटारींत मात्र १९६० सालीं क्रायस्लर कंपनीनें व्हॅलियंट गाडीबरोबर आल्टर्नेटर रूढ केला तो वेटोळ्याचा, आणि पुढें सर्वत्र तोच पसरला, ह्याचें कारण आतां पाहूं.

वीज ध्रुवांचें बळ, तारेचे वेढे व फिरण्याचा वेग ह्या तिहींच्या गुणाकारानें वाढते. समजा, ट्रॅक्टरचें इंजिन मंद असतां मिनिटास ८०० व पुऱ्या कामावर २२०० फेरे घेतें, आणि पुलीमुळें आल्टर्नेटर त्याच्या अडीचपट फिरतो. म्हणजे त्याचे फेरे २००० पासून ५५०० पर्यंत झाले. २००० फेऱ्यांस १४ व्होल्ट देईल असा लोहचुंबकी रोटर केला, तर ५५०० फेऱ्यांस भार नसतां साडेअडतीस व्होल्ट होतात. बॅटरी जोडलेली असेपर्यंत ती हा दाब धरून ठेवते. पण त्याची किंमत म्हणून तिचें पाणी उकळून जातें. एखादें टर्मिनल ढिलें झालें कीं दिवे व डायोड दोन्ही एका क्षणांत जातात. मूळ रेग्युलेटर येथें निरुपयोगी, कारण कमी करावयाचा प्रवाहच उरलेला नाहीं. मोटारसायकलींवर असतो तसा, जादा वीज स्टेटरच्या तारांतच फिरवून जिरविणारा रेग्युलेटर लावावा लागतो. वेगाबरोबर वेटोळ्यांचा स्वतःचा अडथळाही वाढत असल्यामुळें तार एकदम जळत नाहीं, परंतु उष्णता अखंड निघत राहते.

आतां रोटर घडवावयाचाच असेल तर कसा, हें पाहूं. कारण सर्वांत अधिक घोटाळा येथेंच होतो. ध्रुव मूळच्याइतकेच, म्हणजे बाराच, आणि उत्तर-दक्षिण असे एकाआड एक पाहिजेत. स्टेटरचीं वेटोळीं त्या संख्येस बांधलेलीं आहेत. गाभा पोलादाचा हवा. हलका म्हणून ॲल्युमिनियमचा करणारे मिस्त्री आम्हीं पाहिले आहेत; त्यांत एका ध्रुवाचें चुंबकत्व शेजारच्या ध्रुवाकडे परत जावयास वाटच राहत नाहीं. ९० मिलिमीटर व्यासाच्या रोटरवर प्रत्येक ध्रुवास साडेतेवीस मिलिमीटर जागा येते. तींत १८ मिलिमीटर रुंद लोहचुंबक बसविल्यास त्याखालीं निदान सहा-सात मिलिमीटर जाड पोलाद असावें. लोहचुंबकाची जाडी आणि स्टेटरपर्यंतची पोकळी ह्यांचें प्रमाण तर सर्वांत महत्त्वाचें. जाडी ३ व पोकळी १ मिलिमीटर असेल तर अंगच्या बळापैकीं सुमारें बारा आणे तारेपर्यंत पोहोंचतें. जाडी १ केली तर आठ आणेच. पैसे वांचविण्यासाठीं पातळ तुकडे घेणें म्हणजे अर्धें बीं पेरून पुऱ्या पिकाची वाट पाहणें होय. शिवाय सर्व तुकडे सरळ न लावतां एका खांचेइतके, म्हणजे १० अंश, तिरपे लावावे. नाहींतर ध्रुव व खांचा एकमेकांस अडकून रोटर गचके खात फिरतो.

तुकडे धरून कसे ठेवावे हें त्याहून कठीण. वरील मापाचा, ३५ मिलिमीटर लांबीचा नियोडिमियमचा तुकडा सुमारें १४ ग्रॅम भरतो. ६००० फेऱ्यांस त्याचें वजन अठराशेंपट होऊन तो सुमारें २५ किलोच्या जोरानें बाहेर ओढला जातो. फेरे दुप्पट झाले तर जोर चौपट, म्हणजे १०० किलो. नुसत्या चिकट पदार्थावर हें सोपवितां येत नाहीं. आमच्या परिचयाच्या एका बागाइतदाराच्या ट्रॅक्टरांत तसेंच सोपविलें होतें. ऐन मळणींत एक तुकडा सुटला आणि त्यानें स्टेटरची तार कापूसकोंड्यासारखी पिंजून काढली. वरून चुंबकत्व न धरणाऱ्या स्टेनलेस पोलादाचें पातळ कडें किंवा तंतुमय राळेचें वेष्टन घट्ट बसविलें पाहिजे, आणि तेवढी जाडी पोकळींत धरूनच वरचा हिशेब केला पाहिजे.

लोहचुंबकाच्या जातीविषयीं. जुना काळा फेराइट स्वस्त असून उष्णता पुष्कळ सोसतो, पण बळानें नियोडिमियमच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच. नियोडिमियम, लोखंड व बोरॉन ह्यांचा लोहचुंबक १९८० नंतरच्या कांहीं वर्षांत जपानांत मासातो सागावा व अमेरिकेंत जॉन क्रोट ह्यांनीं स्वतंत्रपणें शोधून काढला. बळ असामान्य, परंतु साध्या जातीची सहनशक्ति ८० अंश सेल्सिअसपर्यंत, आणि इंजिनालगतचा आल्टर्नेटर शंभराच्या वर सहज तापतो. एकदां ह्याप्रमाणें गेलेलें बळ थंड झाल्यावर परत येत नाहीं. उष्णता सोसणाऱ्या जातींत डिस्प्रोसियम घालावें लागतें. २०२५ च्या एप्रिलांत चीननें त्याच्या निर्यातीस परवाना लावला तेव्हां आपल्या वाहनांच्या कारखानदारांचीही धांवपळ झाली. बाजारांत सुटे मिळणारे तुकडे बहुधा साध्या जातीचे असतात, आणि निकलाचा थर निघाला कीं ते गंजून भुकटी होतात.

राहिला डिझेलचा मुद्दा. वेटोळ्याचा रोटर खातो तीं सुमारें ५० वॅट. एक अश्वशक्ति म्हणजे ७४६ वॅट. तेव्हां चाळीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरांत हा खर्च एका अश्वशक्तीचा पंधरावा हिस्सा झाला. तेवढ्याकरितां आल्टर्नेटर फोडणें आम्हांस पटत नाहीं. ब्रशांची जोडी बदलणें पुष्कळ स्वस्त पडतें.

उलट, माळावरच्या झोपडींत दिवा लावण्यासाठीं लहान पवनचक्की करावयाची असेल तर गोष्ट निराळी. मंद वाऱ्यांत २०० वॅट निघत असतां त्यांतले ५० रोटरनें खाणें म्हणजे चौथाई गेली. येथें कायमच्या लोहचुंबकाचें मोल आहे. मात्र पंखा मिनिटास ४०० फेरे घेत असेल, तर मूळ स्टेटरांत पांचपट वेढे, एकपंचमांश छेदक्षेत्राच्या तारेनें, पुन्हां भरावे लागतील आणि प्रवाहही पांचव्या हिश्श्यावर येईल. स्कॉटलंडांतील स्कोरेग येथें राहणारे ह्यू पिगट ह्यांनीं म्हणूनच निराळी वाट धरली. मोटारीच्या चाकाच्या हबवर लोहचुंबकांच्या दोन तबकड्या समोरासमोर बसवून मध्यें राळेंत ओतलेलीं लोखंडविरहित वेटोळीं ठेवावयाचीं. त्यांत गचका मुळींच नाहीं, आणि वेग थोडा असल्यानें तुकडे उडण्याचें भयही अल्प.

इतकें वाचूनही ज्यांस ट्रॅक्टरावर प्रयोग करावयाचा असेल, त्यांनीं लोहचुंबकाची जात व उष्णतेची मर्यादा, वरील कड्याची जाडी आणि नव्या रेग्युलेटरची अँपिअर-शक्ति हीं मिस्त्रीकडून कागदावर लिहून घ्यावीं, आणि काढलेला मूळ रोटर त्याच्या दुकानांत न ठेवतां घरीं आणावा.