वाचनाची नोंद, मोबाईलवर

ग्रंथालयाच्या देवघेव नोंदवहीवरून कोणी कोणते पुस्तक नेले एवढेच कळते. ते आवडले की नाही, हे ग्रंथपालाने वाचकाच्या चेहऱ्यावरून ओळखायचे. ही उणीव भरून काढणारी 'गुडरीड्स' नावाची सोय 2007 साली अमेरिकेत सुरू झाली. 2013 मध्ये ती अ‍ॅमेझॉनने विकत घेतली. वाचलेले, वाचत असलेले आणि वाचायचे, असे तिथे तीन कप्पे आहेत. पुस्तक कप्प्यात टाकावे, एक ते पाच तारे द्यावेत. वर्षाला किती पुस्तके वाचणार, असा संकल्पही सोडता येतो. साठ पानांचा कवितासंग्रह आणि सहाशे पानांची कादंबरी या हिशेबात सारखीच, त्यामुळे आम्हा कवींची चंगळ!

खरी गंमत शिफारशीत आहे. तुम्हाला आवडलेली दहा पुस्तके आणखी शंभर जणांना आवडली असतील, तर त्यांना आवडलेले अकरावे पुस्तक यंत्र तुमच्यापुढे ठेवते. चहाच्या टपरीवर आपणही हेच करतो. मात्र माणसांनी नोंदच केली नाही, तर यंत्र सुचवणार काय?

मराठीची अडचण इथेच आहे. आमच्या कुही तालुक्यातलेच उदाहरण देतो. मुकुंदराजांनी शके 1110 मध्ये 'विवेकसिंधु' आमच्या आंभोऱ्याला लिहिला, अशी परंपरा सांगते. अंबाजोगाईकरांना ते मान्य नाही. तो वाद राहू द्या. पण 'सिंधु' कोणी ऱ्हस्व लिहितो, कोणी आजच्या नियमाने दीर्घ, तर कोणी रोमन लिपीत. संगणकाला अक्षर वेगळे म्हणजे पुस्तक वेगळे. आधीच मूठभर असलेले वाचक तीन ठिकाणी विखुरतात, आणि मराठी वाचकाला यंत्र इंग्रजी पुस्तकेच सुचवत राहते. हमीद दलवाईंच्या 1965 सालच्या 'इंधन'चा इंग्रजी अनुवाद दिलीप चित्रे यांनी केला. पण दोन्ही नोंदी कोणी जोडल्याशिवाय अनुवादाचा वाचक मूळ मराठी पुस्तकापर्यंत पोहोचायचा कसा? मुसलमान मराठी लेखक म्हणून मला ही तुटलेली वाट जास्त खुपते.

म्हणून नवी नोंद करण्यापूर्वी दोन्ही लिपींत शोधून पाहावे. नाव देवनागरीत घालावे, मागच्या पानावरचा आयएसबीएन क्रमांक द्यावा आणि चार ओळी मराठीत लिहाव्यात. वेगवेगळ्या आवृत्त्या एकत्र जोडण्याचे काम तिथे स्वयंसेवक करतात, त्यांना कळवावे. आपली यादी चारचौघांना दिसू नये असे वाटल्यास ती झाकूनही ठेवता येते. जुन्या पुस्तकांवर आयएसबीएन नसतो. तिथे प्रकाशक आणि वर्ष लिहावे.