'बीसीएम गेला' ऐकून लगेच पैसे काढू नका. आधी बॅटरी, अर्थ आणि फ्यूज तपासा

पहाटेचे चार वाजलेत. पिकअपमध्ये टोमॅटोचे क्रेट भरून झालेत, उजाडायच्या आत बाजार समिती गाठायची आहे. चावी फिरवली तर वायपर आपोआप सुरू होतो, सेंट्रल लॉक खटखट वाजते आणि इंजिन काही सुरू होत नाही. गाडी कशीबशी ओढत तालुक्याला नेली की पाच मिनिटांत निकाल लागतो, "बीसीएम गेला, नवीन टाकावा लागेल."

हा बीसीएम काय असतो हे बहुतेक मालकांना ठाऊक नसते. गाडीतला माल खराब होत असतो, त्यामुळे मालक मान हलवतो. नव्या बीसीएमला गाडीप्रमाणे हजारो रुपये लागतात. तो बसवूनही बिघाड तसाच राहिला तर ते पैसे पाण्यात, कारण एकदा बसवलेला इलेक्ट्रिक पार्ट दुकानदार सहसा परत घेत नाही. म्हणून हा पार्ट नेमका काय करतो आणि तो खरेच बिघडला का, हे मालकाला कळलेले बरे.

बीसीएम म्हणजे काय?

जुन्या जीपमध्ये दिव्याचे बटण दाबले की करंट फ्यूज आणि बटणातून सरळ बल्बला जायचा. नव्या गाड्यांत बटण फक्त निरोप देते. तो निरोप बॉडी कंट्रोल मॉड्यूलकडे, म्हणजे बीसीएमकडे जातो आणि मग बीसीएम दिव्याला करंट सोडतो. इंडिकेटर, वायपर, हॉर्न, काचा, सेंट्रल लॉक, आतला दिवा अशी कामे याच्याकडे असतात. अनेक गाड्यांत चावी खरी की खोटी हेही तोच ओळखतो. त्यामुळे त्याला चावी पटली नाही तर चांगले इंजिनही सुरू होत नाही.

ही छोटी पेटी बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डखाली असते, काही गाड्यांत फ्यूज बॉक्सलाच जोडलेली असते. इंजिनचा कॉम्प्युटर वेगळा, त्याला ईसीएम किंवा ईसीयू म्हणतात. दोघांचे बोलणे एकमेकींना पिळलेल्या दोन तारांवरून चालते. मेकॅनिक तिला कॅन लाइन म्हणतात.

एक गोष्ट बंद की अनेक?

पहिला अंदाज मालकाला घरीच घेता येतो. एकच गोष्ट बंद असेल, म्हणजे फक्त हॉर्न किंवा फक्त एक काच, तर दोष बहुतेक वेळा बल्ब, फ्यूज, रिले, बटण किंवा मोटरचा असतो. एका बाजूचा इंडिकेटर जास्त वेगाने टिकटिक करत असेल तर आधी त्या बाजूचा बल्ब बघा. बल्ब उडाला किंवा साध्याऐवजी कमी करंट खाणारा एलईडी लावला की बऱ्याच गाड्यांत असेच होते. तो बिघाड नाही, गाडी इशारा देते आहे.

एकमेकांशी संबंध नसलेल्या चार-पाच गोष्टी एकाच वेळी वेड्यासारख्या वागत असतील तर मात्र बीसीएमपर्यंत जावे लागते. पण तिथेही आधी त्याला करंट आणि अर्थ नीट मिळतो का ते बघायचे.

आधी बॅटरी

मल्टीमीटर काही शे रुपयांत मिळतो. इंजिन काही तास बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. स्टार्टर मारताना आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी कमजोर आहे किंवा टर्मिनल ढिले आहे. इंजिन सुरू झाल्यावर १३.५ ते १४.७ दिसायला हवे. नाही तर अल्टरनेटर बघा.

व्होल्टेज पडले की बीसीएम मध्येच बंद पडतो आणि पुन्हा चालू होतो. लॉक खटखटणे, दिवे लुकलुकणे, चावी न ओळखणे हे सगळे उतरलेल्या बॅटरीनेही होते. टर्मिनलवर पांढरट-हिरवट बुरा असेल तर तो साफ करा आणि नट घट्ट आवळा.

मग अर्थ आणि फ्यूज

अर्थची तार बॉडीला जिथे बोल्टने जोडलेली असते तिथे गंज धरतो. तपासणी सोपी आहे. हेडलाइट लावा, मीटरची एक टोचणी बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी बीसीएमच्या अर्थ तारेला लावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर करंट परत जाताना अडतो आहे. बोल्ट खोला, पॉलिश पेपरने घासा, पुन्हा आवळा.

बीसीएमला एकापेक्षा जास्त फ्यूजमधून करंट मिळतो, म्हणून सगळे तपासायचे. लाल फ्यूज १० अँपिअरचा, निळा १५, पिवळा २० आणि हिरवा ३० चा. उडालेल्या फ्यूजच्या जागी तार किंवा मोठा फ्यूज घालू नका. फ्यूज वाचेल, पण वायरिंग जळेल, आणि कधी कधी गाडीही.

पाणी आणि उंदीर

खेड्यातल्या गाडीला हे दोन शत्रू ठरलेले. काचेच्या खालून किंवा दाराच्या रबरातून झिरपलेले पाणी डॅशबोर्डखालच्या कनेक्टरमध्ये उतरते आणि पिना हिरव्या पडतात. धुवायला नेलेल्या गाडीचे आतले फूटमॅट ओले राहत असेल तर सावध व्हा. गोठ्याजवळ किंवा गोदामात उभ्या गाडीत उंदीर तारा कुरतडतात. कनेक्टर काढून पिना बघा आणि तारांवरून हात फिरवा. डॅशबोर्डखालच्या पिवळ्या कनेक्टरला मात्र हात लावू नका, तो एअरबॅगचा असतो.

नंतर लावलेला जादा हॉर्न, म्युझिक सिस्टीम किंवा फोकस यांचे जोड कुठे मारलेत तेही बघा. शक्य असल्यास ते काढून गाडी चालवून पाहा.

बीसीएमच गेला हे कसे ठरवायचे?

यासाठी बीसीएम वाचणारा स्कॅनर लागतो. मोबाइलला जोडायचे स्वस्त उपकरण बहुधा फक्त इंजिनचे कोड दाखवते. स्कॅनरवर यू ०१४० कोड आला म्हणजे बीसीएम मेला असे होत नाही. बाकी कॉम्प्युटरना बीसीएमचे बोलणे ऐकू येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. कारण फ्यूज, अर्थ किंवा तुटलेली कॅन लाइनही असू शकते. बॅटरी सोडून कॅनच्या दोन तारांमध्ये मीटरने साधारण ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर लाइन कुठेतरी तुटलेली असण्याची शक्यता जास्त.

स्कॅनर बोलू लागला की मेकॅनिकला दोन गोष्टी करायला सांगा. एक, बटण दाबल्यावर स्कॅनरच्या पडद्यावर ते दाबलेले दिसते का? दोन, स्कॅनरवरून हुकूम दिल्यावर बीसीएमच्या पिनेवर करंट येतो का? फ्यूज, अर्थ ठीक आहेत, बटण दिसते आहे, हुकूमही दिला, तरी पिनेवर करंट नाही, मग संशय बीसीएमवर. तेव्हाही एक पायरी बाकी आहे. पुढच्या तारेत शॉर्ट असेल तर बरेच बीसीएम ती लाइन स्वतःच बंद करतात. शॉर्ट काढल्यावर ती पुन्हा चालू होते. शॉर्ट तसाच ठेवून नवा बीसीएम बसवला तर तोही तेच करणार.

बदलायचाच असेल तर

जुन्या पेटीवरचा पार्ट नंबर अक्षरनअक्षर जुळला पाहिजे. बॅटरीचा मायनस आधी काढायचा, थोडा वेळ थांबायचे, मग कनेक्टर सोडायचे. पेटी बसवणे सोपे, खरे काम त्यानंतरचे. नव्या बीसीएममध्ये गाडीचा चेसिस नंबर, गाडीत कोणत्या सोयी आहेत ते आणि चाव्यांची ओळख भरावी लागते. याला कोडिंग म्हणतात. ते झाले नाही तर गाडी सुरूच होणार नाही किंवा निम्म्या गोष्टी चालणार नाहीत. म्हणून गॅरेजला जाताना घरातल्या सगळ्या चाव्या न्या. एखादी राहिली तर नंतर ती ओळखली जाणार नाही. कोडिंग धरून किती पैसे लागतील, हे काम सुरू होण्याआधीच विचारा.

भंगारातला बीसीएम स्वस्त पडतो, पण त्यात दुसऱ्या गाडीचा नंबर आणि चाव्या असतात. काही मॉडेलमध्ये ते पुसता येत नाही. कोडिंग करणाऱ्याला आधी विचारा, पैसे नंतर द्या.

पुन्हा जाऊ नये म्हणून

पिकअपला कॅरियर किंवा बॉडी वेल्डिंग करताना बॅटरीचा मायनस काढून ठेवा आणि वेल्डिंगचा अर्थ जोडाच्या जवळच लावा. बारा व्होल्टच्या गाडीला चोवीस व्होल्टच्या ट्रकवरून जंप स्टार्ट देऊ नका. प्लस-मायनस उलटे लागणार नाहीत याची दोनदा खात्री करा. धुताना डॅशबोर्डखाली आणि फ्यूज बॉक्सवर प्रेशरचे पाणी मारू देऊ नका.

पार्ट बदललाच तर जुना पार्ट मागून घ्या. पक्के बिल आणि वॉरंटी लेखी घ्या. फसवणूक झाल्यासारखे वाटले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. पण तक्रारीला पुरावा लागतो आणि तो म्हणजे बिल. गॅरेजवाला "बीसीएम गेला" म्हणाला की एकच प्रश्न विचारा, "बॅटरी, अर्थ आणि फ्यूज मीटर लावून बघितले का?" चांगला कारागीर या प्रश्नाला रागावत नाही, मीटर लावून आकडा दाखवतो.