एका फेरीत आठ पानं

नव्वदच्या दशकात घरच्या कॉम्प्युटरवर व्हीसीडी लावणं म्हणजे सत्त्वपरीक्षा असायची. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेलं आमचं मशीन नाटकाच्या पहिल्या प्रवेशातच दमायचं. संवाद पुढे निघून जायचा आणि नट मागून धापा टाकत यायचा. जाणकार मंडळी सांगायची, 'व्हिडिओ उलगडणारं वेगळं एमपेग कार्ड घाला.' ते परवडणारं नव्हतं.

मशीन का दमायचं, त्याचा हिशेब सोपा आहे. व्हीसीडीचं एक चित्र ३५२ गुणिले २८८, म्हणजे लाखाहून थोडे जास्त ठिपके. अशी सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे सुमारे २५ लाख ठिपके. १६६ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरला सेकंदाला १६ कोटी ६० लाख ठोके मिळतात. एका ठिपक्याच्या वाट्याला जेमतेम ६५ ठोके आले. तेवढ्यात दाबून बसवलेली माहिती उलगडायची, मागच्या चित्रातला कोणता तुकडा सरकून कुठे आला ते बसवायचं, रंग पडद्याला समजतील असे बदलायचे, शिवाय आवाजही सांभाळायचा.

आणि यातली बरीच ताकद वायाच जायची. ठिपक्याच्या रंगाचा एक आकडा अवघ्या ८ बिटांचा, ० ते २५५ मधला. प्रोसेसर मात्र तो ३२ बिटांच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे हिशेब करताना आकडे धरायच्या जागेत, एकटाच बसवायचा. पंगतीत वाढप्याने भाताचं अख्खं पातेलं उचलायचं, एका पानावर एक मूद टाकायची आणि परत स्वयंपाकघरात जायचं, असा तो कारभार.

जानेवारी १९९७ मध्ये इंटेलने आणलेल्या एमएमएक्सवाल्या पेंटियमने पंगतीची रीत बदलली. इस्रायलमधल्या हैफा इथे ही चिप घडली. तिथल्या उरी वायझर आणि अॅलेक्स पेलेग या अभियंत्यांची नावं या कामाशी जोडली जातात. एमएमएक्स म्हणजे ५७ नव्या आज्ञा. ६४ बिटांच्या रजिस्टरात आठ ठिपके शेजारी शेजारी बसवायचे आणि एकाच आज्ञेत आठही बेरजा करायच्या. ही कल्पना काही पहिल्यांदा इंटेललाच सुचली असं नव्हे. एचपी आणि सन या कंपन्यांच्या प्रोसेसरांत ती आधीच आली होती आणि तिचं मूळ तर १९५० च्या दशकातल्या टीएक्स-२ या प्रायोगिक यंत्रापर्यंत जातं. पण ती घरोघरी पोचली ती इथून.

मला स्वतःला या आज्ञांमधल्या दोन गोष्टी फार आवडतात. पहिली, बेरीज काठाशी थांबवणं. नेहमीच्या ८ बिटांच्या गणितात २५० मध्ये १० मिळवले की उत्तर ४ येतं, जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा काटा ९९९९९ नंतर शून्यावर यायचा तसं. चित्राच्या बाबतीत याचा अर्थ असा, की उजळ करायला गेलात तर पांढरंशुभ्र आभाळ काळं पडतं. एमएमएक्समध्ये उत्तर २५५ वर थांबतं. भांडं काठोकाठ भरलं, पुढचं सांडू दे.

दुसरी गोष्ट 'जर-तर'ची. हवामान सांगणारी बाई निळ्या पडद्यासमोर उभी असते आणि मागे नकाशा दिसतो. प्रत्येक ठिपक्याला 'तू निळा का?' असं विचारत बसलं तर पंगत खोळंबते. म्हणून आठही ठिपक्यांची निळ्याशी एकदम तुलना करायची. जुळला तिथे सगळे १, नाही तिथे सगळे ०. हा मुखवटा चित्रावर आणि नकाशावर चढवला की कुठेही न थांबता दोन्ही एकात एक मिसळतात. कुणाचा उपवास आहे ते एकदाच पाहून ठेवायचं, मग वाढप्याने सरळ चालत जायचं.

आता यातली मेख. एमएमएक्सची आठ रजिस्टरं खरं तर नवी नव्हतीच. अपूर्णांकांचं गणित करणाऱ्या विभागाची जुनी रजिस्टरं दुसऱ्या नावाने वापरली होती. कारण व्यवहारी होतं. एक प्रोग्रॅम थांबवून दुसरा चालवताना विंडोज ती जुनी रजिस्टरं आधीपासूनच जपून ठेवत होतं, त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिमला हात लावावा लागला नाही. एका खोलीत दिवसा क्लास आणि रात्री बिऱ्हाड, असा संसार. किंमत मात्र मोजावी लागली. अपूर्णांकांकडे परतताना खोली आवरायची वेगळी आज्ञा द्यावी लागे. ती विसरली की गणितं बिघडत. शिवाय एमएमएक्सला फक्त पूर्णांक कळत, आणि त्रिमिती खेळांना हवे असत अपूर्णांक.

इंटेलच्या जाहिरातीत चकचकीत रंगीत पोशाखातले चिप-कामगार नाचत होते. वेगाचं सगळं श्रेय नव्या आज्ञांना मिळालं. पण या चिपमधला कॅश, म्हणजे हाताशी ठेवलेली जलद स्मृतीही दुप्पट, म्हणजे ३२ किलोबाइट झाली होती. जुन्याच प्रोग्रॅमांना जो वेग आला त्यात कॅशचा वाटा मोठा होता. त्याला कुणी नाचवलं नाही.

१९९८ मध्ये एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीने त्याच रजिस्टरांत दोन-दोन अपूर्णांक बसवले. १९९९ च्या पेंटियम थ्रीमध्ये १२८ बिटांची आठ स्वतंत्र रजिस्टरं आली. यावेळी मात्र ऑपरेटिंग सिस्टिमला बदलावंच लागलं. त्या चिपमध्ये एक आज्ञा अशी होती, की आठ-आठ ठिपक्यांच्या दोन रांगांतले फरक काढून त्यांची बेरीज एका दमात हातात ठेवते. हलणारा तुकडा कुठून कुठे गेला हे शोधताना व्हिडिओ दाबणारे प्रोग्रॅम हेच काम सतत करत असतात. २०११ पर्यंत रजिस्टरं २५६ बिटांची झाली.

आज फोनवर सिनेमा चालतो तेव्हा मुख्य प्रोसेसर बहुतेक वेळ आरामातच असतो. व्हिडिओ उलगडण्याचं काम त्याच चिपवरचा एक वेगळा कोपरा करतो. त्याला दुसरं काही येत नाही, पण हे काम तो फार थोड्या विजेत उरकतो. तेव्हा परवडलं नाही ते एमपेग कार्ड आता नखाएवढं होऊन खिशात बसलंय.