मामा, ह्यात पाणीच नाही!

माझी भाची लातूरला राहते. सातवीत आहे, आणि प्रश्न विचारण्यात दहावीत. मी इकडे नांदेडला, विष्णुपुरीजवळ. आमच्या शेजारी गोदावरीवर धरण आहे, म्हणून पाण्याच्या बाबतीत आम्ही जरा निवांत असतो. लातूरकरांना तसं राहून चालत नाही. २०१६ साली मांजरा धरण आटलं, तेव्हा मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं! १२ एप्रिलला पहिली गाडी पोचली. १० वाघिणी, एकेकीत ५० हजार लिटर पाणी.

अशा गावात टाकी भरून पाणी वाहून गेलं तर घरात काय होत असेल? भाचीच्या घरी नेमकं तेच झालं. नळाला पाणी यायचं ते काही दिवसांआड आणि अवेळी. सगळे झोपलेले, आणि पाणी गच्चीवरून थेट गल्लीत. तिची आजी दिवसभर बोलत होती म्हणे. संध्याकाळी मला फोन.

"मामा, टाकी भरली की ओरडणारं सर्किट करायचंय."

"कर की. पण सोल्डरिंग गनला हात लावायच्या आधी टॅब उघड."

टॅबवर सर्किट काढायला आणि चालवून बघायला फुकट मिळणारी बरीच साधनं आहेत. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट' नावाच्या खेळांमध्ये एक सर्किटचा खेळ आहे. बोटानं बॅटरी ओढायची, तार ओढायची, बल्ब जोडायचा. तारेतून ठिपके सरकताना दिसतात. (खऱ्या तारेतले इलेक्ट्रॉन इतके आळशी असतात की बऱ्याचदा मुंगीसुद्धा त्यांच्या पुढे जाईल, ढकलाढकलीचा निरोप मात्र क्षणात पोचतो.) भाचीनं पहिल्या मिनिटात काय केलं असेल? बॅटरीची दोन्ही टोकं एकाच तारेनं जोडली. पडद्यावरच्या बॅटरीनं पेट घेतला!

"मामा, जळालं की!" आवाजात पश्चात्ताप अजिबात नाही. मग तिनं 'टिंकरकॅड' नावाच्या दुसऱ्या साधनात ९ व्होल्टच्या बॅटरीला एलईडी थेट जोडला. तिथं स्फोटाची खूण आली. असे सात-आठ एलईडी तिनं उडवले, खर्च शून्य. मी लहानपणी खरे उडवायचो आणि खाऊचे पैसे संपायचे.

आता एलईडी वाचवायचा तर त्याच्या वाटेत रोधक हवा. दुकानात त्याला सगळे 'रेझिस्टन्स' म्हणतात. तिनं ४७० ओहमचा लावला, म्हणजे पिवळा, जांभळा, तपकिरी पट्टा असलेला. टॅबनं झटकन सांगितलं: करंट साधारण १५ मिलिअँपिअर. पण टॅबला हे कळलं कसं?

मी तिला म्हटलं, तू लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारात भाजी घेणाऱ्यांना ऐकलंयस ना? एक म्हणतो ऐंशी, दुसरा म्हणतो चाळीस. टॅबच्या आत रोधक आणि एलईडी यांची तशीच घासाघीस चालते. टॅब आधी अंदाजानं म्हणतो, एलईडीवर १ व्होल्ट आहे असं समजू. मग उरलेले ८ व्होल्ट रोधकावर, म्हणजे त्याच्यातून १७ मिलिअँपिअर जायला हवेत. एलईडी म्हणतो, "छे, १ व्होल्टला मी जवळजवळ काहीच सोडत नाही." बरं, ३ व्होल्ट धरू. आता रोधक म्हणतो १३, आणि लाल एलईडी म्हणतो, "३ व्होल्टला? मग मी धबधबाच सोडीन!" पुन्हा बोलणं फिसकटलं. असं वर-खाली करत २ व्होल्टच्या आसपास दोघांचं जमतं. ७ व्होल्ट भागिले ४७०, करून बघ. शंभर भाग असले तर शंभर जणांची घासाघीस एकदम, तीसुद्धा डोळ्याची पापणी लवायच्या आत.

आणि प्रत्येक जोडावर एकच नियम. गंजगोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात. सगळ्या रस्त्यांनी मिळून जितकी माणसं आत येतील तितकीच बाहेर पडली पाहिजेत. माणसं मध्ये चहाला थांबतात, करंट थांबत नाही, एवढाच फरक. हा नियम १८४५ साली गुस्ताव किरखॉफ या जर्मन विद्यार्थ्यानं मांडला. वय फक्त २१.

संगणकाला ही घासाघीस शिकवली ती अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात. तिथले रॉरर नावाचे प्राध्यापक वर्गात म्हणाले, आपण सर्किट सोडवणारा प्रोग्रॅम लिहायचा. तिथल्याच दुसऱ्या प्राध्यापकांना, पेडरसन सरांना, तो पसंत पडला तर सगळे पास, नाही पडला तर सगळे नापास! त्या वर्गातल्या लॉरेन्स नेगलनं पुढे त्यातूनच १९७३ मध्ये 'स्पाइस' तयार केला. स्पाइस म्हणजे मसाला, पण इथं ती एका लांबलचक नावाची आद्याक्षरं आहेत. तेव्हा टॅब कुठला? सर्किटची एकेक ओळ एकेका भोकं पाडलेल्या कार्डावर, आणि तो गठ्ठा खोलीभर संगणकाला खाऊ घालायचा. पेडरसन सरांनी स्पाइस सगळ्यांना देऊन टाकला, म्हणून त्याची नातवंडं-पतवंडं जगभर पसरली. आपल्या आयआयटी मुंबईचं मोफत 'ई-सिम' हे त्यातलंच एक. ते संगणकावर चालतं. मोठी झालीस की वापरशील, असं मी तिला सांगितलं.

हां, टाकी राहिली. टाकीच्या तळाशी एक तार, ती बॅटरीच्या प्लसला. वरच्या काठाजवळ दुसरी तार, ती १० हजार ओहमच्या रोधकातून ट्रान्झिस्टरच्या मधल्या पायाला. पाणी वर चढलं की दोन्ही तारा पाण्यानं जोडल्या जातात, ट्रान्झिस्टर जागा होतो आणि बजर वाजवतो. भाचीनं सगळं काढलं आणि भागांची यादी तीनदा वर-खाली केली.

"मामा, ह्यात पाणीच नाही!"

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! यादीत बॅटऱ्या आहेत, मोटारी आहेत, पण लातूरचं पाणी नाही. टॅबला आपण जेवढं सांगू तेवढंच त्याचं जग. मग पाणी कसं सांगायचं? पाणीही रोधकच, फक्त किती ओहमचा ते मोजायला हवं. तिनं मल्टिमीटरच्या दोन कांड्या पेल्यात बुडवल्या. आकडा काही एका जागी थांबेना, पण नळाच्या पाण्याला साधारण ५० हजार ओहम धरायला हरकत नव्हती. बोअरचं खारं पाणी त्याहून कमी, आणि फिल्टरचं कितीतरी जास्त, ५ लाखांच्या घरात.

आता टॅबमध्ये पाण्याच्या जागी ५० हजारांचा रोधक. ट्रान्झिस्टरच्या मधल्या पायात ०.१४ मिलिअँपिअर शिरले. ट्रान्झिस्टर त्याचे २०० पट करतो असं धरलं, तर २८. बजरला २० लागत होते. वाजला! ५ लाख घातल्यावर मात्र जेमतेम ३, आणि बजर गप्प. म्हणजे फिल्टरच्या पाण्याच्या टाकीला हे सर्किट चालणार नाही, हे एकही भाग विकत न घेता कळलं.

मग खरं सर्किट केलं, नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर. (घरातल्या प्लगला असल्या प्रयोगात हात लावायचा नाही, समजलं?) चाचणी बादलीत घेतली. दोन दिवस तारा पाण्यातच राहिल्या, आणि प्लसची तांब्याची तार झडून हिरवट पडली. टॅबवरची तार अजून चकचकीतच होती! आम्ही त्याला पाण्याचे ओहम सांगितले होते, करंटनं तांबं पाण्यात उतरतं हे कुठे सांगितलं होतं? मग तारांच्या टोकांना स्टीलचे स्क्रू लावले आणि सर्किट टाकीवर बसवलं.

तिसऱ्या रात्री नळ आला. पहाटे तीनला टाकी भरली आणि बजर असा काही वाजला की शेजारचे दिवे लागले. आजीनं कॉक बंद केला. बजर चालूच. पाणी काही खाली उतरेना, बजर थांबेना.

"अगं, हे बंद कुठून व्हतंय?"

भाचीनं सर्किटभर बटण शोधलं. नव्हतंच. टॅबवर चाचणी थांबवायचं बटण पडद्याच्या कोपऱ्यात असतं ना, त्यामुळे आपल्याला वेगळं काढावं लागेल हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. माझ्याही नाही. शेवटी आजीनं बजर गोधडीत गुंडाळला आणि त्यावर बसून राहिली.