सांधे सुजले, तर डोळेही तपासा

चार वर्षांची मुलगी सकाळी उठल्यावर लंगडते आणि तासाभरात पुन्हा खेळायला लागते. घरातले म्हणतात, वाढीचं दुखणं असेल. पण वाढीचं दुखणं बहुधा रात्री येतं, दोन्ही पायांत येतं आणि त्यात सांधा सुजत नाही. सूज सहा आठवडे टिकली, तर संधिवाताची शंका घ्यायलाच हवी. तो म्हाताऱ्यांचाच आजार नव्हे. मुलांमधला त्याचा एक प्रकार सोरायसिसशी जोडलेला असतो.

यात फसगत होते, कारण मुलांमध्ये अनेकदा सांधे आधी सुजतात आणि त्वचेवर चट्टे काही वर्षांनी उमटतात. म्हणून डॉक्टर इतर खुणा शोधतात. एखादं बोट मुळापासून टोकापर्यंत सुजलंय का? नखांवर अंगुस्तानासारखे बारीक खळगे आहेत का? आईवडिलांना किंवा सख्ख्या भावंडाला सोरायसिस आहे का? संधिवातासोबत यांतल्या दोन गोष्टी जुळल्या, तर चट्टा नसतानाही निदान होतं. रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून निश्चिंत होऊ नये.

थांबण्याची किंमत मोठी असते. गुडघ्यातला दाह रेंगाळला, तर तिथला रक्तपुरवठा वाढून तो पाय दुसऱ्यापेक्षा लांब होऊ शकतो. नॅप्रोक्सेनसारखी औषधं वेदना कमी करतात. एक-दोनच सांधे सुजले असतील, तर त्यांत स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. आजार पसरलेला असेल, तर मेथोट्रेक्सेट. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज दिलं गेलं, तर जिवावर बेतू शकतं. त्यामुळे ठरलेला वार प्रिस्क्रिप्शनवर ठळक लिहून घ्यावाच. गुण यायला दोन-तीन महिने लागतात. घाईने बंद करू नये.

तेवढ्याने भागलं नाही, तर बायोलॉजिक औषधं आहेत. दाह पेटवणारा एखादाच रेणू ती अडवतात. सेक्युकिनुमॅबला अमेरिकेत 2021 मध्ये या आजारासाठी दोन वर्षांपुढच्या मुलांकरिता मान्यता मिळाली. आपल्याकडे ही औषधं सुरू करण्याआधी क्षयरोगाची तपासणी टाळून चालत नाही, कारण दबलेला क्षय त्यांमुळे उसळू शकतो.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते डोळ्यांकडे. या आजारात डोळ्याच्या आत दाह होऊ शकतो, पण बहुतेकदा डोळा लाल होत नाही, दुखत नाही, मूल तक्रारही करत नाही. हा दाह फक्त नेत्रतज्ज्ञांकडच्या स्लिट लॅम्प या यंत्राखाली दिसतो. लहान वयात आजार जडला आणि रक्तातली एएनए चाचणी पॉझिटिव्ह असली, तर दर तीन महिन्यांनी तपासणी लागते. औषधही त्यानुसार निवडतात: एटानर्सेप्ट सांध्यांना चांगलं, पण डोळ्यांसाठी भरवशाचं नाही, तिथे अ‍ॅडालिमुमॅब अधिक उपयोगी पडतं. सांधे पूर्ण शांत झाले, मूल मैदानावर धावू लागलं, तरी डोळ्यांची ही तपासणी चालूच ठेवावी लागते.